१८ एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरला काळ्या रानात कोणती अवजारं झेपतील?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की औसा तालुक्यात सहा एकर काळी भारी जमीन आहे, १८ एचपीचा टू व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढणारा) मिनी ट्रॅक्टर ठरवलाय, आणि विक्रेता दोन फाळी नांगर, नऊ फणी मोगडा (फणांनी माती मोकळी करणारं अवजार) आणि चार फुटी रोटा (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) असा संच देतोय. आधी उत्तर सांगतो. नांगर आणि मोगडा त्या मापाचे घेऊ नका. रोटाही तीन फुटीच घ्या.

मी परभणी जिल्ह्यातला, सेलू तालुक्यातला. ट्रॅक्टर तुमच्याएवढाच, रानही तसंच. मलाही असाच संच दिला होता. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) काढून एप्रिलमध्ये नांगर लावला, तर नांगराच्या पहिल्याच ओळीला मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि पुढचं तोंड उचलायला लागलं. इंजिनाचा आवाज मात्र पडला नव्हता, काळा धूरही नव्हता. मग अडचण कुठे होती? हे कळायला मला एक अख्खा हंगाम, बरंच डिझेल आणि मागच्या टायरची नक्षी घालवावी लागली.

अडचण वजनाची होती. आपली जमीन मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीची. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसून दगडासारखी होते. अशा जमिनीत नांगराने कापलेल्या मातीच्या दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या आसपास ओढ धरा, वाळलेल्या रानात त्याहून जास्त. दहा इंची, म्हणजे २५ सेंटिमीटरचा एक फाळ सहा इंच खोल चालवला तर कापलेलं तोंड ३७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ओढ झाली २८० किलो. दोन फाळ म्हणजे ५६० किलो. हे ताशी तीन किलोमीटरने ओढायला लागते साधारण सव्वासहा एचपी, आणि तेवढी १८ एचपीच्या इंजिनातून निघते. पण ट्रॅक्टरचं वजन आठशे-साडेआठशे किलो. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर रानात आपल्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच नीट ओढतो, म्हणजे तीनशेवीस-तीनशेचाळीस किलो. इंजिनात दम आहे, पण जमिनीवर पकड नाही. म्हणून तुमच्यासाठी एकच फाळ, तोही सहा इंचांपर्यंत. आठ इंच घातला की ओढ ३७५ किलोवर जाते आणि चाक पुन्हा घसरतं. मागच्या टायरमध्ये पाणी भरून आणि पुढे वजनं लावून थोडा फरक पडतो, दुप्पट नाही. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांवरचं वजनही ओढीला लागतं, तेव्हा पैसे असतील तर मी जास्तीच्या एचपीपेक्षा ते आधी घेईन.

खरं तर खोल नांगरट छोट्या ट्रॅक्टरने करूच नये असं माझं मत झालंय. काळं रान उन्हाळ्यात स्वतःच भेगाळतं, त्याला दरवर्षी उलथायची गरज नसते. तीन वर्षांतून एकदा, किंवा कुंदा-हरळीसारखं तण माजलं असेल तेव्हा, पन्नास एचपीवाल्याला भाड्याने बोलवा आणि पल्टी नांगराने उन्हाळवाही करून घ्या. तुमच्या ट्रॅक्टरने मधल्या पाळ्या, पेरणी आणि कोळपणी करावी. चार फुटी कपाशीच्या पट्ट्यात पीक लहान असताना तो जातो, मोठा जात नाही. त्याची खरी कमाई तिथे आहे.

रोट्याचा हिशेब वेगळा आहे. रोट्याची पाती चाकाच्याच दिशेने फिरतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, त्यामुळे तिथे वजन नाही, पीटीओची (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या दांड्याची) ताकद बघायची. इंजिन १८ एचपी म्हणजे पीटीओला साधारण १५ मिळते. आपल्या जमिनीत चार इंच खोलीला रोट्याच्या दर फुटाला ५ एचपी धरा, म्हणजे तीन फूट. चार फुटी लावला तर हलक्या रानात चालेल, सोयाबीनच्या कडक रानात इंजिन गुदमरेल आणि तुम्ही तो वर उचलून दोन इंचांवर चालवाल. तीन फुटी रोटा ताशी अडीच किलोमीटरने चालवला तर वळणं धरून एकराला अडीच तास लागतात. आणि ओल जास्त असताना रोटा घालूच नका. खालचा थर लिंपल्यासारखा घट्ट होतो, मग पाणी आणि हरभऱ्याची मुळं तिथेच अडतात.

मोगड्याला नांगरासारखी ओढच लागते, म्हणून तो पाच फणांचा घ्या. फण काढता-घालता येतील असा असावा, म्हणजे कडक रानात तीनवर येता येतं.

अवजार झेपतंय का, हे घरी तपासता येतं. मागच्या चाकावर खडूची खूण करा. अवजार उचलून, चाक दहा वेळा फिरेपर्यंत किती अंतर गेलं ते मोजा. मग त्याच रानात अवजार जमिनीत घालून पुन्हा चाकाचे दहा फेरे. पहिलं ३० मीटर आणि दुसरं २६ आलं तर घसरण तेरा टक्के, ठीक आहे. दुसरं २४ आलं तर वीस टक्के, म्हणजे खोली किंवा फण कमी करा. ही चाचणी वापशावरच, म्हणजे रानात मशागतीजोगी ओल असतानाच घ्या. तेच रान पाऊस पडल्याच्या चौथ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी दोन वेगळी उत्तरं देतं.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या, ट्रॅक्टर तपासणाऱ्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. पीटीओची ताकद, जास्तीत जास्त ओढ आणि लिफ्टची क्षमता त्यात मोजून दिलेली असते, पत्रकावरचा एचपी बघून काही कळत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करताना अवजार २० बीएचपीपेक्षा (बीएचपी म्हणजे इंजिनाची एचपी) कमी या गटातलंच निवडा. वरच्या गटातलं निवडलं तर पदरात पडेल ते तुमच्या ट्रॅक्टरला ओढवणार नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात नाही. मागच्या दोन्ही टायरची बाहेरून बाहेर रुंदी मोजून कळवा. ती तीन फुटांपेक्षा जास्त असेल तर रोट्यामागे चाकाची दाबलेली रेघ राहते. मग एक तर रिम उलटी बसवून चाकं आत घ्यावी लागतील, नाही तर रोटा एका बाजूला सरकवून बसवावा लागेल. दोन्हीतलं काय करायचं ते माप पाहून सांगतो.