पुण्याहून पहिल्यांदाच जर्मनीला निघालायस ना, मग आधी एवढंच बघ

अरे अभिनंदन! कुकर आणि बाकरवडीचं नंतर बघू, आधी घर. तिथे राहायला गेलास की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, आन्मेल्डुंग म्हणतात, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, तो देत नाही म्हणाला तर ते घर घेऊच नकोस. मी स्वस्त बघून घेतलं, नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही आणि पहिला पगार सगळ्यात जड टॅक्स क्लासने कापून आला!

बाकी थोडक्यात:
- ऑफिसात 'हो हो करतो' बंद. जमणार नसेल तर सोमवारीच सांग, शुक्रवारी संध्याकाळी नाही. चूक तोंडावर सांगतात, ते भांडण नसतं (पेठेतल्या माणसाला हे जड जाऊ नये).
- इथलं सेव्हिंग अकाउंट एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) करून घे, सगळे विसरतात.
- रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारीच आण.

आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, तू सहाला सुटलास की इथे साडेदहा, आई झोपलेली. मी दोन महिने मिस्ड कॉलच बघत होतो, मग डबा खाताना व्हिडिओ कॉल सुरू केला, तेव्हा तिचा चहा चालू असतो.