वाचकांचे प्रश्न : कार्बन फिल्टर आणि पिण्याचे पाणी

प्रश्न : नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येतो. बाजारात सुटा सक्रिय कार्बन मिळतो. त्याचा फिल्टर घरी करता येईल का? (वाचक, बार्शी)

येईल, आणि क्लोरीनचा वास घालवण्यात कार्बनइतके सोपे साधन दुसरे नाही. कार्बनच्या पृष्ठभागावर क्लोरीनची अभिक्रिया होऊन निरुपद्रवी क्लोराइड तयार होते. कुजकट वास, रंग आणि काही कीटकनाशकांचे अंश मात्र त्याच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटून बसतात.

नारळाच्या करवंटीचा, दाणेदार, १२×४० मेशचा (दाणा साधारण ०.४ ते १.७ मिमी) कार्बन घ्या. आयोडीन नंबर (कार्बनची शोषण्याची ताकद सांगणारा आकडा) ९०० किंवा जास्त असावा. विक्रेत्याला हा आकडा सांगता आला नाही, तर तो माल घेऊ नका. दीड किलो पुरतो. एक दिवस पाण्यात भिजत ठेवा. छिद्रांतली हवा निघाली नाही, तर दाणे तरंगतात आणि थरात वाटा पडून पाणी न गाळताच खाली जाते. मग काळे पाणी यायचे थांबेपर्यंत धुवा.

पिण्याच्या पाण्यासाठीचा ४ इंची, एक मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप उभा करून तळाला टोपण बसवा. आत ५ सेंमी धुतलेली खडी, ५ सेंमी जाड वाळू, त्यावर बारीक नायलॉन जाळी आणि मग कार्बन. सुती कापड नको, ते कुजते. कार्बनचा थर साधारण ३५ सेंमीचा होईल. तळातून अर्ध्या इंची नळी बाहेर काढून ती जमिनीपासून ५० सेंमी उंचीपर्यंत वर न्या आणि तिथे तोटी लावा. त्यामुळे कार्बन कायम पाण्याखाली राहतो. तोटीला खाली लोंबणारी नळी जोडू नका, ती पाणी ओढून थर कोरडा पाडते.

बहुतेक घरगुती फिल्टर वेगापायी फसतात. पाइप भरलेला असताना २०० मिलिचा पेला भरायला ४० सेकंद लागतील, इतकीच तोटी उघडा. म्हणजे पाणी कार्बनमध्ये सुमारे १० मिनिटे राहते. क्लोरीनला याहून बराच कमी वेळ पुरतो; वास आणि सेंद्रिय द्रव्यांना एवढा लागतोच. गढूळ पाणी थेट ओतू नका. आधी तुरटीने निवळून घ्या, नाहीतर गाळाने थर तुंबतो. सुरुवातीचे १५–२० लिटर पाणी झाडांना घाला.

ग्रामपंचायतीत क्लोरीन पाहायला वापरतात ते ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) द्रावण गाळलेल्या पाण्याच्या नमुन्यात टाकून पाहा. पिवळी छटा आली, की कार्बन बदला. तपासलेले पाणी ओतून द्या, ते पिऊ नये. छटा आली नाही तरी सहा महिन्यांनी बदलाच, कारण सेंद्रिय द्रव्ये पकडण्याची ताकद क्लोरीनच्या आधी संपते.

प्रश्न : दिवाळीत आठ दिवस घर बंद होते. परतल्यावर फिल्टरच्या पाण्याला कुबट वास आला. (वाचक, डोंबिवली)

कार्बनने क्लोरीन काढला, की पाण्याची राखणही गेली. चिकटलेली सेंद्रिय द्रव्ये जिवाणूंचे खाद्य ठरतात आणि साचलेल्या पाण्यात ते वाढतात. चांदी लावलेल्या कार्बनमध्ये ही वाढ मंदावते, पण थांबत नाही. एवढा वास आला असेल तर कार्ट्रिज बदला आणि भांडे स्वच्छ धुवा. एरवी दोन-तीन दिवस बाहेर राहून आलात, तर पहिले काही लिटर पाणी सोडून द्या.

क्रमही पाहा : आधी ५ मायक्रॉनचा गाळफिल्टर, मग कार्बन, शेवटी यूव्ही किंवा आरओ. आरओच्या आधी कार्बन हवाच, कारण क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो. नुसता कार्बन फिल्टर असेल, तर गाळलेले पाणी खळखळून उकळू द्या, निदान एक मिनिट, आणि झाकून ठेवा. कार्बन जंतू मारत नाही. कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ असताना त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

प्रश्न : बोअरचे पाणी मचूळ आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) १४००. कार्बनने उतरेल का? (वाचक, यवतमाळ)

नाही. क्षार, कठीणपणा, नायट्रेट यांतले काही कार्बन काढत नाही, आणि फ्लोराइडसाठीही तो उपयोगाचा नाही. तुमच्या जिल्ह्यात काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते, म्हणून आधी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले, तर मुलांना ते पाणी देणे लगेच थांबवा आणि आरओ किंवा दुसऱ्या स्रोताचे पाहा. उकळून फ्लोराइड जात नाही; पाणी आटल्याने उलट त्याचे प्रमाण वाढते.

प्रश्न : चुलीतला कोळसा चालेल का? आणि वापरलेला कार्बन भाजून पुन्हा घेता येतो का? (वाचक, कणकवली)

दोन्हींचे उत्तर नाही. सक्रिय कार्बन करताना कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेत तापवतात, तेव्हा एका ग्रॅमला हजारएक चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो. चुलीतल्या कोळशात इतकी छिद्रे नसतात, शिवाय राख पाण्यात उतरते. वापरलेला कार्बन जिवंत करायलाही तसेच तापमान आणि वाफ लागते. उन्हात वाळवून किंवा तव्यावर भाजून छिद्रे मोकळी होत नाहीत, आणि गॅसवर लाल होईपर्यंत तापवला तर तो मोकळ्या हवेत जळून राख होऊ लागतो. वापरलेला कार्बन फुलझाडांच्या मातीत मिसळा.