दुःख घेऊन वारीला निघताना

आषाढी जवळ येऊ लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. एरवी निवृत्ती, मुलांची शिक्षणे, भावाबहिणींतले अबोले यांविषयी लिहिणारे वाचक ‘एकदा वारीला जाऊन यावे असे वाटते’ असे लिहू लागतात, आणि त्या वाक्यामागे बहुतेक वेळा कोणाला सांगता न आलेले एखादे दुःख असते. यंदाच्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. चौदा महिन्यांपूर्वी यजमान अचानक गेले. वर्षश्राद्ध झाले. मुले आपापल्या संसारात आहेत आणि मला जपतातही. तरी संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की घर अंगावर येते. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जावे असे फार मनात आहे. मुलगा म्हणतो, एवढ्या गर्दीत तुझे मन आणखी बिघडेल. जाऊबाई म्हणतात, विठ्ठलाच्या पायाशी गेलीस की सगळे विसरशील. मी कोणाचे ऐकावे?
— एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, विसरण्यासाठी जाणार असाल तर जाऊ नका. वारीत माणूस काही विसरत नाही. घरात जी आठवण तुम्ही कामाच्या ओघात उंबऱ्यापाशी थोपवून धरता, ती दिवेघाटाच्या चढावर मोकळेपणाने येऊन भेटते. पहिल्या तीन-चार दिवसांत रडू येईल, हे धरूनच चाला. फरक एवढाच की तेथे रडणाऱ्या बाईकडे कोणी टक लावून पाहत नाही, तिला गप्प करत नाही आणि दिंडी तिच्यासाठी थांबतही नाही. ती डोळे पुशीत चालत राहते. मी अनेक वर्षे हे पाहत आले आहे, आणि जो काही गुण येतो तो या चालत राहण्यानेच येतो, असे मला वाटते.

तुमच्या पत्रातली ती दिवेलागणीची वेळ मी पुन्हा पुन्हा वाचली. जोडीदार गेला की दिवसाची घडीच मोडते. चहा किती वाजता करायचा, भाजी कोणाच्या आवडीची आणायची, दिवा लावल्यावर कोणाची वाट पाहायची, यांपैकी कशालाच उत्तर उरत नाही. वारीत दिवसाची ही घडी पुन्हा बसते आणि ती तुम्हाला बसवावी लागत नाही. पहाटे काकडा आणि भूपाळ्या, मग वाटेने वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, दुपारनंतर हरिपाठ, तळावर पोहोचल्यावर समाजआरती आणि रात्री कीर्तन, असा क्रम ठरलेला असतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध एकादशीला वारी पंढरीत असते. एवढ्या दिवसांत सुमारे २५० किलोमीटर चालताना ‘आता पुढे काय करू’ हा प्रश्न तुम्हाला एकदाही एकटीने सोडवावा लागत नाही. ज्याचे घर रिकामे झाले आहे, त्यालाच याचे मोल कळेल.

आणखी एक गोष्ट मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. यजमान गेल्यावर तुमच्या कपाळाचे काय झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि मी विचारणार नाही. आपल्याकडे आजही अनेक घरांत हळदीकुंकवाच्या वेळी विधवा बाई आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसते, आणि तिला हाताला धरून बाहेर आणणारे कोणी नसते. हे मला असह्य होते. दिंडीत गोपीचंदन आणि बुक्का सगळ्यांच्या कपाळी सारखाच लागतो. तुम्हाला बुक्का लावणारी बाई तुमचा नवरा हयात आहे का, असे विचारत नाही. ती तुम्हाला ‘माउली’ म्हणते, तुमच्या पाया पडते, तुम्हीही तिच्या पाया पडता, आणि विसाव्याला तीच फुगडीसाठी हात पुढे करते. चौदा महिने तुम्ही सगळ्यांसाठी ‘बिचारी’ आहात. तेथे तुम्ही बिचारी नसता. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नवरा गेल्यानंतर सहा वर्षांनी पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामी, वाखरीच्या रिंगणात पहिली फुगडी घातली, आणि त्यानंतर त्या घरच्या मंगळागौरीलाही बाहेरच्या खोलीत बसू लागल्या.

तुकोबांची आठवण येथे काढली पाहिजे, कारण वारकरी ज्यांना आपले मानतात त्यांच्यावर दुःखाचा केवढा डोंगर कोसळला होता हे आपण अभंग गाताना विसरतो. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला, गावात पत राहिली नाही. त्यानंतर त्यांनी घरच्या पडक्या विठ्ठल मंदिराची डागडुजी हाती घेतली आणि सावकारीच्या खतपत्रांतला आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला, असे त्यांचे चरित्र सांगणारी परंपरा म्हणते. शोक आवरल्यावर मंदिर बांधायला घेतले, असा तो क्रम नाही. शोक चालूच होता आणि हात दगडमातीत होते.

मुलाची काळजी मात्र धुडकावू नका. आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या दिंडीत आधी नाव नोंदवा, बायकांच्या राहुटीची सोय पाहून घ्या, दोन महिने आधीपासून रोज चालण्याचा सराव करा, पायात नवी चप्पल घालू नका आणि गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. पहिल्या वर्षी आळंदी ते सासवड एवढेच चाललात तरी चालेल. पुणे ते सासवड हा टप्पा एकादशीच्या दिवशी येतो, म्हणजे उपवासाच्या पोटी दिवेघाट चढायचा असतो. तो चढून सोपानकाकांच्या समाधीपाशी टेकलात की पुढे जायचे की एस.टी.ने घरी परतायचे, हे तुमचे तुम्हाला कळेल. आणि तुळशीची माळ या वर्षी घेऊ नका. माळेबरोबर एकादशीचे व्रत, आहाराचे नियम आणि दरवर्षीची वारी येते. शोकाच्या भरात घेतलेला नियम मोडला तर मनाला आणखी एक टोचणी लागते. वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे-येणे आहे. यंदा काही हाती लागले नाही असे वाटले, तरी पुढच्या ज्येष्ठात वाट तीच असेल.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. देव आहे असे मला वाटत नाही. तरीही गेली दोन वर्षे आपण कोण आहोत आणि हे सगळे कशासाठी करतो आहोत, हा प्रश्न सोडत नाही. मित्र वारीला चला म्हणतात. श्रद्धा नसताना जाणे हा ढोंगीपणा ठरेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ढोंग ठरेल ते खोट्या भक्तीचा आव आणलात तर. टाळ वाजवता येत नसतील तर नुसते चाला, अभंग म्हणावेसे वाटले नाहीत तर ऐका. कोणी तुमची श्रद्धा तपासायला येणार नाही.

आपण कोण आहोत याचे उत्तर वाटेत एखाद्या संध्याकाळी लख्ख प्रकाशासारखे मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मला ते मिळाले ते पाण्याच्या टँकरपाशी. माझी आई गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा चालले. वाल्ह्याच्या तळावर पहाटे एका बाईने माझ्याआधी बादली लावली, म्हणून मी तिला इतके टाकून बोलले की रांगेतल्या सगळ्या गप्प झाल्या. पुढे दोन-तीन तास, मुखाने नाम आणि मनात मीच कशी बरोबर होते याची उजळणी, असे चालले होते. नीरेच्या काठी पादुकांचे स्नान होत असताना ध्यानात आले की हा राग त्या बादलीचा नव्हताच. आईच्या शेवटच्या आजारात भावाने मला न विचारता काही निर्णय घेतले होते. तो राग मी वर्षभर सांभाळला होता आणि त्या अनोळखी बाईवर काढला होता. लोणंदच्या तळावर तिला शोधून मी तिची क्षमा मागितली. भावाला फोन करायला आणखी चार दिवस लागले. आपल्या परंपरेत आत्मज्ञानावर केवढे तरी गहन लेखन आहे, आणि ते वाचण्याची मला आवड आहे. पण आपला ‘मी’ असा रंगेहाथ सापडण्याची संधी शिणलेल्या पायांनी आणि अपुऱ्या झोपेने जशी मिळते, तशी वाचनाने मला मिळालेली नाही.

तळावरची समाजआरती अवश्य पाहा. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदाराने दंड उंचावून आरोळी दिली की एका क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग तिकडे जाऊन तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात आणि त्यानंतर आरती होते. ही रीत पाहिल्यापासून मी रोज रात्री निजण्यापूर्वी थोडा वेळ स्वस्थ बसते आणि सगळे शांत झाल्यावरही आत कोणता टाळ वाजतो आहे, हे ऐकते. यासाठी देव मानावा लागत नाही.

पंढरपुरात पोहोचलात तर महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तेथे थांबा. ज्या विठ्ठलासाठी त्यांनी जन्म वेचला, त्याच्या मंदिरात त्यांना जाता आले नाही. ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. वारीतली समता मी अनुभवली आहे आणि तिच्यावर माझे प्रेम आहे, म्हणूनच ही समाधी न पाहता कोणी परतू नये असे मला वाटते. स्वतःला ओळखू पाहणाऱ्याला आपल्या समाजालाही ओळखावे लागते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. दोन वर्षे नैराश्यावर उपचार चालू आहेत. आता तो म्हणतो की गोळ्या बंद करून एकट्याने पायी नर्मदा परिक्रमा करणार, मैया बरे करील. त्याची श्रद्धा मोडायची नाही, पण भीती वाटते.
— एक भगिनी, नाशिक

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. नैराश्यावरची औषधे मनाने अचानक बंद केली तर त्रास होतो आणि आजार उलटण्याचा धोका असतो. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही गोळी बंद होता कामा नये. परिक्रमेबद्दल मला अपार आदर आहे. १,३१२ किलोमीटर लांबीची ही नदी उजव्या हाताला ठेवून, मध्ये कोठेही न ओलांडता दोन्ही तीरांनी चालायचे, सागरसंगमाजवळ नावेने पलीकडच्या तीरावर जायचे, सदावर्तात मिळेल ते शिजवून खायचे आणि चातुर्मासात एका जागी राहायचे, अशी ती साधना आहे. परंपरेने तिला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. पण त्या वाटेवर दिवसेंदिवस एकांत असतो, आणि आजारी मनाला तो एकांत काय सुचवील, हे सांगता येत नाही. मैयेवर श्रद्धा असणे आणि औषध घेणे यांत विरोध आहे, असे मी कोणत्याही जाणत्या परिक्रमावासीकडून ऐकलेले नाही.

त्याला ‘जाऊ नकोस’ असे म्हणू नका, ‘बरा झालास की जाऊ’ असे म्हणा. डॉक्टरांनी होकार दिला तर चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाडा-रामपुरा परिसरात होणारी, सुमारे वीस किलोमीटरची उत्तरवाहिनी परिक्रमा, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची, तुम्ही दोघांनी मिळून करा, गोळ्यांची पिशवी बरोबर घेऊन. तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचे दार लावून बसले, तेव्हा धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालत राहिली, ही कथा तुम्हाला ठाऊकच असेल. तिने दार फोडले नाही आणि ती निघूनही गेली नाही. तुम्हाला सध्या तेच करायचे आहे.

प्रश्न : वय ७६. गुडघ्यांमुळे चालणे संपले. वडील वारी करीत; माझी राहिली, याची खंत वाटते.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : काका, वर्षातून वाऱ्या चार आहेत: आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. आषाढीची गर्दी तुम्हाला झेपणार नाही. माघात बसने किंवा गाडीने जा, पदस्पर्शाच्या रांगेत न राहता मुखदर्शन घ्या, तेही जमले नाही तर कळसाला हात जोडा. वारकऱ्यांनी कळसदर्शनाला कधी कमी मानलेले नाही. कार्तिकात तर तुमच्याच मडगावात दिंडी असते. आणि यंदा ज्येष्ठ वद्य अष्टमीपासून घरी रोज हरिपाठ म्हणा. त्याआधी त्या दिवशीचा मुक्काम एका वहीत लिहीत जा: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. वडील ही नावे घरी घेत असतीलच. प्रत्येक नावापुढे त्यांनी त्या गावाबद्दल सांगितलेले जे आठवेल ते लिहा, आणि वाखरीपर्यंत पोहोचलात की ती वही मला पाहायला पाठवा.