‘स्ट्रेंज फ्रूट’ या गाण्याचा प्रभाव खरंच टिकलाय का, की नुसतं नाव मोठं आहे?

तुम्ही विचारलंय की वर्णद्वेषाविरुद्धच्या गाण्यांचा विषय निघाला की कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या ‘स्ट्रेंज फ्रूट’चं नाव सगळ्यात आधी का घेतात, आणि १९३९ सालच्या त्या गाण्याचा आज काही परिणाम उरलाय का.

परिणाम म्हणजे कायदा असं धरलं, तर हाती फारसं काही लागत नाही. गाण्याचा विषय लिंचिंग, म्हणजे जमावाने खटल्याशिवाय माणसाला ठार मारणं; अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, त्याचे बळी बहुतेक कृष्णवर्णीय असत. गाणं यायच्या आदल्याच वर्षी लिंचिंगविरोधी विधेयक अमेरिकेच्या सेनेटमध्ये आलं होतं. दक्षिणेकडच्या सदस्यांनी आठवडेच्या आठवडे भाषणं लांबवून ते हाणून पाडलं. याबद्दल सेनेटने माफी मागितली २००५ मध्ये, आणि देशपातळीवर लिंचिंगला गुन्हा ठरवणारा कायदा झाला मार्च २०२२ मध्ये, १९५५ मध्ये गोऱ्यांनी मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या नावाने. तोवर बिलीला जाऊन ६२ वर्षं झाली होती.

तरी मी हे गाणं मोठंच मानतो. कारण ते ज्या पद्धतीने गायलं गेलं, त्या पद्धतीने ऐकणाऱ्याला एक अट घातली, आणि ती अट अजून सुटलेली नाही.

गाणं लिहिणारा गोरा होता, ज्यू होता, आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डेविट क्लिंटन हायस्कूलात इंग्रजी शिकवणारा मास्तर होता: एबल मीरोपोल. त्याने लिंचिंगचा एक फोटो पाहिला आणि तो फोटो त्याच्या डोक्यातून जाईना. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावचा असावा. ७ ऑगस्ट १९३० च्या रात्री तिथे जमावाने तुरुंग फोडून थॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना बाहेर काढलं आणि झाडाला लटकवलं. फोटोत वर मृतदेह आहेत आणि खाली गोऱ्यांची गर्दी, त्यात नटूनथटून आलेल्या तरुणीसुद्धा. एक जण कॅमेऱ्याकडे बघत वर बोट दाखवतोय. गावातल्या स्टुडिओवाल्याने आठवण म्हणून त्याच्या हजारो प्रती विकल्या. (इंडियाना दक्षिणेत येत नाही. गाण्यात मात्र दक्षिणच आहे.) त्या रात्री तिसरा मुलगा, सोळा वर्षांचा जेम्स कॅमेरॉन, गळ्यात दोर पडूनही वाचला. पुढे १९८८ मध्ये त्याने मिलवॉकीत याच इतिहासाचं संग्रहालय उभं केलं.

मीरोपोलची कविता १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या मासिकात आली. चालही त्यानेच लावली, आणि सुरुवातीला त्याची बायको ते गाणं सभांमधून गायची. जेमतेम बारा ओळी. झाडं, मॅग्नोलियाचा सुगंध, वारा, कावळे, आणि फांदीला लोंबणारं ते ‘फळ’, म्हणजे मृतदेह. मारणाऱ्यांचं नाव नाही, न्यायाची मागणी नाही, ‘उठा’ नाही की ‘लढा’ नाही. ध्रुवपदसुद्धा नाही. प्रचारगीत म्हणून बघितलं तर हे गाणं सपशेल पडायला हवं होतं.

ते पडलं नाही याचं बरंचसं श्रेय ‘कॅफे सोसायटी’ला. ग्रीनिच व्हिलेजमधला हा क्लब बार्नी जोसेफसनने १९३८ च्या अखेरीस सुरू केला. काळे आणि गोरे गिऱ्हाईक एकत्र बसू शकतील असे क्लब तेव्हा खुद्द न्यूयॉर्कमध्येही दुर्मीळ होते. बिली तेव्हा २३ वर्षांची. हे गाणं कसं सादर करायचं, याचे नियम जोसेफसनने घालून दिले. गाणं कार्यक्रमाच्या अगदी शेवटी येणार. सुरू व्हायच्या आधी वेटरांनी जिथल्या तिथे थांबायचं, पेयं द्यायची नाहीत, बिलं मांडायची नाहीत. सगळे दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की तोही बंद, आणि दिवे लागेपर्यंत ती निघून गेलेली. वन्स मोअर नाही. टाळ्या घ्यायलासुद्धा परत यायचं नाही.

आता तिथे आलेल्या माणसाचा विचार करा. तो पैसे मोजून, दारू पिऊन, मजा करायला आलाय. शेवटी त्याच्यासमोर मृतदेह ठेवून गाणारी निघून जाते, आणि टाळी वाजवावी की नाही हेही त्याला कळत नाही. मनोरंजनाच्या जागेत मनोरंजन नाकारणारं गाणं लोकप्रिय संगीतात याआधी इतक्या ठळकपणे कुणी उभं केलं असेल, असं मला वाटत नाही.

‘वुई शॅल ओव्हरकम’ शेजारी ठेवलं की हा फरक लगेच कळतो. ते गाणं गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदीतून आपल्या शाळांपर्यंत आलं. ‘हम होंगे कामयाब’ कुठल्या तरी स्नेहसंमेलनात आपण सगळेच कोरसमध्ये गायलोय. हातात हात घालून गायची सोय त्यात आहे. ‘स्ट्रेंज फ्रूट’ कोरसमध्ये गाताच येत नाही. ते एकानेच गायचं आणि बाकीच्यांनी निमूट ऐकायचं.

बिलीच्या कोलंबिया कंपनीने ते रेकॉर्ड करायला नकार दिला. दक्षिणेतले दुकानदार बिथरतील ही धास्ती होती. मग मिल्ट गेब्लरच्या कमोडोर या छोट्या कंपनीने २० एप्रिल १९३९ ला ते रेकॉर्ड करून तबकडी काढली. ‘टाइम’ साप्ताहिकाने तेव्हा तिची संभावना संगीतातून केलेला प्रचार अशी केली, आणि १९९९ मध्ये त्याच ‘टाइम’ने त्याला शतकातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं! मीरोपोलला मात्र चौकशी समितीसमोर उभं राहावं लागलं: हे गाणं लिहायचे पैसे कम्युनिस्ट पक्षाने दिले का? (ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या जोडप्याला हेरगिरीच्या खटल्यात १९५३ मध्ये देहदंड झाला, त्यांच्या दोन पोरक्या मुलांना पुढे याच मास्तरने दत्तक घेतलं. त्याच्यावर एक वेगळं उत्तर लिहायला हवं.)

बिलीला याच गाण्यामुळे तुरुंगात टाकलं, असं हल्ली बिनधास्त लिहिलं जातं. १९४७ चा तो खटला अमली पदार्थांचा होता. गाण्याचं मोठेपण सिद्ध करायला असल्या फोडणीची गरज नाही.

पुढचा प्रवास सरळ नाही, आणि मला तोच जास्त बोलका वाटतो. १९४४ मध्ये जॉर्जियातल्या लिलियन स्मिथ या गोऱ्या लेखिकेने काळ्या-गोऱ्या प्रेमाच्या कादंबरीला हेच नाव दिलं, आणि तिच्यावर बॉस्टनमध्ये बंदी आली. १९६५ मध्ये कृष्णवर्णीय गायिका नीना सिमोनने ते जवळपास नुसत्या पियानोवर गायलं. बिली दुःख गिळून गाते, नीना ते बाहेर फेकते. नव्वदच्या दशकात झोई लिओनार्ड या चित्र-शिल्पकर्तीने एड्सने गेलेल्या मित्राच्या आठवणीत फळांच्या रिकाम्या साली सुईदोऱ्याने शिवल्या आणि त्या कलाकृतीला हेच नाव दिलं. २०१३ मध्ये रॅपर कान्ये वेस्टने नीनाचा आवाज उचलून एका फिसकटलेल्या नात्याच्या गाण्यात घातला. बरेच जण संतापले. मलाही ते खटकतं. पण लोक संतापले, कारण हे गाणं कुठे वापरावं आणि कुठे नाही याची मर्यादा सगळ्यांच्या मनात आधीपासून होती. जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा नव्या गाण्यात वापरायच्या या सॅम्पलिंगच्या धंद्यात असं भाग्य फार थोड्या गाण्यांना लाभतं.

२०१७ मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधी सोहळ्यात गायचं निमंत्रण ब्रिटिश गायिका रेबेका फर्ग्युसनला आलं. तिने उत्तर दिलं की ‘स्ट्रेंज फ्रूट’ गाऊ देणार असाल तर येते. ती तिथे गायली नाही. ७८ वर्षांच्या गाण्याचं नुसतं नाव घेतलं आणि पुढचं सगळ्यांना समजलं, भाषण करावं लागलं नाही. तुमच्या ‘काय उरलंय’ला माझं उत्तर हेच.

ऐकायचं असेल तर आधी १९३९ ची तबकडी ऐका. पहिलं मिनिटभर फक्त वाद्यं आहेत, कारण गाणं फार छोटं वाटतंय म्हणून गेब्लरने पियानोवादक सनी व्हाइटला सुरुवात लांबवायला सांगितली होती. तो भाग पुढे ढकलू नका. मग फेब्रुवारी १९५९ चं लंडनच्या टीव्हीवरचं चित्रण बघा, मॅल वॉल्ड्रनच्या पियानोसोबत. आवाज पार झिजलेला आहे, आणि पाच महिन्यांत ती गेली. दोन्हींतला शेवटचा शब्द ती कशी ओढते ते ताडून बघा. नीनाची आवृत्ती त्यानंतर, आणि शक्यतो वेगळ्या दिवशी.