वाचकांचे प्रश्न : आलिशान हॉटेलातील मुक्काम आवाक्यात कसा आणावा?

प्रश्न : आमच्या लग्नाला यंदा २५ वर्षे पूर्ण होत आहेत आणि एखाद्या नामांकित पंचतारांकित हॉटेलात तीन रात्री राहावे, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. एकाच खोलीचा दर एका आठवड्यात जवळपास दुप्पट झालेला आणि पुन्हा खाली आलेला मी पाहिला. हा दर ठरतो तरी कसा, आणि तो उतरलेला असताना आम्ही तो कसा गाठावा?

उत्तर : हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आजची रात्र रिकामी गेली, तर ती उद्या भरून काढता येत नाही. आणि इमारत, कर्मचारी व देखभाल यांचा खर्च खोली रिकामी असतानाही चालूच राहत असल्यामुळे, एक पाहुणा वाढला म्हणून हॉटेलला पडणारा जादा भार साफसफाई, धुलाई आणि वीज-पाणी यांच्यापलीकडे फारसा जात नाही. विमान कंपन्यांचीही अडचण नेमकी हीच होती. १९८५ साली अमेरिकन एअरलाइन्सने आधी आरक्षण करणाऱ्यांसाठी मोजक्या जागा स्वस्तात आणि उरलेल्या जागा चढ्या दराने विकण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि पुढे मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी ती आपलीशी केली. आज मोठ्या हॉटेलांत प्रत्येक रात्रीची अपेक्षित मागणी मोजून दर दिवसातून अनेकदाही बदलले जातात. तुम्ही पाहिलेला चढउतार त्यातूनच आला.

म्हणून ‘हे हॉटेल स्वस्तात कसे मिळेल?’ असे न विचारता ‘या हॉटेलला कोणत्या रात्री पाहुण्यांची गरज आहे?’ असे विचारावे. त्याचे उत्तर हॉटेलच्या स्वभावात असते. व्यापारी शहरांतील आलिशान हॉटेले कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात. ती सोमवार ते गुरुवार भरलेली असतात आणि शनिवार-रविवारी मोकळी पडतात. युरोपीय संघाच्या कचेऱ्या असलेले ब्रुसेल्स हे याचे ठळक उदाहरण आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या वा डोंगरातल्या रिसॉर्टचे गणित याच्या बरोबर उलट असते. तेथे रविवार ते गुरुवार या रात्री सोयीच्या. स्ट्रासबूर्ग येथे युरोपीय संसदेचे अधिवेशन भरते त्या आठवड्यात, किंवा बार्सिलोनामध्ये मोबाइल उद्योगाचे वार्षिक संमेलन असते तेव्हा, खोल्यांचे दर कमालीचे चढतात आणि तो आठवडा सरला की तीच खोली पुन्हा आवाक्यात येते. त्यामुळे हॉटेल निवडण्याआधी त्या गावातील प्रदर्शने, परिषदा, मोठे सामने आणि शाळांच्या सुट्ट्या यांच्या तारखा पाहून घ्याव्यात.

ऐन हंगाम आणि अगदी पडता हंगाम यांच्या मधले काही आठवडे मला सर्वांत मोलाचे वाटतात. हवा बरी असते, गर्दी ओसरलेली असते, आणि हॉटेल अजून पूर्ण क्षमतेने चालू असते. अगदी तळाच्या हंगामात गेल्यास दर आणखी कमी मिळेल खरा, पण त्याच काळात पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद ठेवणे किंवा दोनपैकी एक भोजनगृह चालू ठेवणे हॉटेलांच्या सोयीचे असते. ज्या सोयींसाठी आपण जात आहोत, त्या त्या तारखांना चालू असतील काय, हे लेखी विचारून घ्यावे. नव्याने उघडलेल्या हॉटेलांनाही हाच नियम लावावा. सुरुवातीच्या महिन्यांत ती उदार दर देतात, मात्र काही भागांचे काम तोवर चालू असू शकते.

तुमच्या बाबतीत मी एवढेच सुचवेन की लग्नाच्या वाढदिवसाची तारीख हलवता येत नसली, तरी तो साजरा करण्याची तारीख मात्र हलवता येते. लग्नाच्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे घेऊन प्रत्येक रात्रीचा दर पाहा आणि मग ठरवा.

प्रश्न : आधीच आरक्षण करावे की शेवटच्या क्षणाची वाट पाहावी? दोन्ही सल्ले छातीठोकपणे देणारे भेटतात.

उत्तर : दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, आणि सुदैवाने दोहोंतून एकच निवडण्याची गरज नाही. रद्द करता येईल असा, पैसे परत मिळणारा दर आधी घेऊन ठेवावा आणि रद्द करण्याची मुदत संपेपर्यंत दर काही दिवसांनी त्याच खोलीचा भाव पुन्हा पाहावा. तो उतरला असेल, तर आधी नवे आरक्षण पक्के करावे आणि नंतरच जुने रद्द करावे. हा क्रम उलटा केल्याने हातची खोली गेल्याची उदाहरणे आहेत. रद्द करण्याची मुदत बहुधा हॉटेलच्या स्थानिक वेळेप्रमाणे मोजली जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

परतावा न देणारा दर थोडा कमी असतो. प्रवास अटळ असेल आणि दोन दरांत लक्षणीय फरक असेल, तरच तो घ्यावा. शेवटच्या दिवशी खोली शोधण्याचा मार्ग एकट्या किंवा दोघांच्या, मोकळ्या वेळापत्रकाच्या प्रवाशांना शोभतो. त्याच दिवशीच्या उरलेल्या खोल्या विकण्यासाठी ‘हॉटेलटुनाइट’ हे अॅप २०११ साली आले, आणि २०१९ मध्ये एअरबीएनबीने ते विकत घेतले, यावरून अशा खोल्यांना किती मागणी आहे ते दिसते. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील, तर रात्रीच्या निवाऱ्याबाबत असा धोका पत्करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : काही संकेतस्थळांवर हॉटेलचे नाव न सांगता ‘पंचतारांकित, अमुक भागात’ एवढेच लिहून पुष्कळ कमी दर दाखवतात. यात फसवणूक असते का?

उत्तर : फसवणूक नसते, हॉटेलची प्रतिष्ठा सांभाळण्याची ती एक पद्धत आहे. आपला दर सर्वांसमोर उतरवला, तर पूर्ण पैसे मोजणारा पाहुणाही तोच दर मागेल, अशी भीती आलिशान हॉटेलांना असते. म्हणून उरलेल्या खोल्या ती नाव झाकून विकतात. प्राइसलाइन या आरक्षणाच्या संकेतस्थळाने १९९८ मध्ये ग्राहकानेच किंमत सुचवण्याची पद्धत आणली आणि २००० साली सुरू झालेल्या हॉटवायरने दर सांगून नाव मात्र पैसे भरल्यानंतर उघड करण्याची पद्धत रुळवली. असे आरक्षण बहुधा रद्द करता येत नाही, आणि स्वतंत्र पलंग, विशिष्ट मजला किंवा विशिष्ट दृश्य यांची खात्रीही मिळत नाही. एका रात्रीच्या मुक्कामाला हा मार्ग चांगला. तुमच्या आयुष्यातील मोठ्या प्रसंगासाठी मी तो सुचवणार नाही.

प्रश्न : आरक्षण करताना दिसलेला दर आणि निघताना हाती आलेले बिल यांत मोठी तफावत निघाली. चूक माझी होती का?

उत्तर : चूक तुमची म्हणता येणार नाही, कारण ही तफावत वर्षानुवर्षे पद्धतशीरपणे चालत आली आहे, आणि मला ती मनापासून अन्यायकारक वाटते. खोलीच्या दरावर कर लागतात हे उघड आहे. त्याखेरीज ‘रिसॉर्ट फी’ किंवा ‘डेस्टिनेशन फी’ या नावाने दर रात्रीला सक्तीची रक्कम जोडली जाते आणि तिच्यात वायफाय, व्यायामशाळा, तलावाकाठचे टॉवेल अशा, खोलीबरोबर ओघानेच मिळायला हव्यात अशा गोष्टी मोजल्या जातात. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून लागू झालेल्या संघीय नियमानुसार हॉटेलांना सक्तीच्या शुल्कासह एकूण किंमत सुरुवातीलाच ठळकपणे दाखवावी लागते. तो नियम शुल्क आकारायला मनाई करत नाही, लपवायला करतो, आणि सरकारी कर त्या आकड्यात धरण्याची सक्तीही त्यात नाही. युरोपातील अनेक शहरांत पर्यटक-कर निराळा असतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या दराच्या १२.५ टक्के आहे. काही शहरांत तो माणशी, दर रात्रीला, हॉटेलातच भरावा लागतो.

तेव्हा दोन हॉटेलांची तुलना करताना सर्व कर, सक्तीची फी, न्याहारी आणि वाहनतळ धरून, सर्व रात्रींचा मिळून एकच आकडा काढावा. समजा, एका हॉटेलचा दर १०० आणि दुसऱ्याचा १२० आहे. पहिल्याची रोजची फी १५ आणि दोघांची न्याहारी २० असेल, आणि दुसऱ्याच्या दरात हे सारे धरलेले असेल, तर महाग दिसणारे हॉटेलच स्वस्त ठरते. आलिशान हॉटेलांत न्याहारीचा स्वतंत्र दर चांगलाच चढा असतो, म्हणून न्याहारीसह मिळणारा दर बहुतेक वेळा घेण्याजोगा असतो. याशिवाय अनेक हॉटेले आल्यावर कार्डावरील काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवतात. ती खर्चात धरायची नसली, तरी तेवढी शिल्लक कार्डावर हवी.

प्रश्न : हॉटेलला थेट फोन केल्यास दर कमी मिळतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर : अनेकदा खरे आहे, पण मागावे कसे याला महत्त्व आहे. मध्यस्थ संकेतस्थळे प्रत्येक आरक्षणामागे साधारण १५ टक्के किंवा त्याहून अधिक कमिशन घेतात. पूर्वी ती हॉटेलांकडून असे बंधन लिहून घेत असत, की स्वतःच्या संकेतस्थळावर याहून कमी दर लावायचा नाही. फ्रान्सने २०१५ मध्ये कायद्याने ही अट रद्द केली, पुढे आणखी काही देशांनी तेच केले, आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या नव्या डिजिटल कायद्यामुळे बुकिंग डॉट कॉमला युरोपात ती सोडावी लागली.

आधी संकेतस्थळावरचा सर्वांत कमी दर हाताशी ठेवावा आणि मग हॉटेलच्या आरक्षण विभागाला, गर्दीची वेळ टाळून, नम्रपणे विचारावे की थेट आरक्षण केल्यास ते काय देऊ शकतील. मोठ्या साखळ्या बहुधा त्याच अटींवरचा कमी दर दाखवल्यास तो मान्य करतात. स्वतंत्र हॉटेल दर उतरवण्यास तयार नसेल, तर न्याहारी, उशिरापर्यंत खोली वापरण्याची मुभा किंवा एक पायरी वरची खोली मागावी; हॉटेलला त्यासाठी फार खर्च येत नाही आणि आपल्याला मात्र त्याचे मोल मोठे असते. प्रसंग काय आहे तेही सांगावे, पण खरा असेल तरच.

प्रश्न : हॉटेलांचे पॉइंट गोळा करणे सामान्य प्रवाशाला परवडते का?

उत्तर : एखाद्या साखळीच्या हॉटेलांत राहिल्यावर सभासदाच्या खात्यात साठणारे आणि पुढे खोलीसाठी पैशांऐवजी वापरता येणारे गुण म्हणजे पॉइंट. वर्षातून एकदाच प्रवास करणाऱ्याने त्यांच्यासाठी हॉटेल निवडू नये. साखळीचे सभासदत्व मात्र घ्यावे, कारण ते विनामूल्य असते आणि सभासदांना बहुधा थोडा कमी दर मिळतो. कामानिमित्त वरचेवर बाहेर राहावे लागत असेल, तर गोष्ट वेगळी. साध्या हॉटेलांतील रात्रींवर साठलेले पॉइंट त्याच साखळीच्या सर्वोत्तम हॉटेलात वापरता येतात. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्यास पॉइंट चारच रात्रींचे लागतात. हिल्टन आणि हयात पूर्णतः पॉइंटवर घेतलेल्या मुक्कामावर रिसॉर्ट फी लावत नाहीत. पॉइंट साठवून ठेवण्याच्या मात्र मी विरोधात आहे. एका मुक्कामाला किती पॉइंट लागावेत, हे कंपन्या स्वतःच्या मर्जीने वाढवू शकतात.

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. तिने आजवर अशा हॉटेलात पाऊल ठेवलेले नाही. मला एकाच रात्रीचा खर्च झेपेल. एका रात्रीत काय होणार, असे घरचे म्हणतात.

उत्तर : एका रात्रीत पुष्कळ होते. खोली दुपारी ३ वाजता मिळत असेल आणि दुसऱ्या दिवशी १२ वाजता सोडायची असेल, तर तो २१ तासांचा मुक्काम आहे. सकाळीच पोहोचून सामान स्वागतकक्षात ठेवल्यास बाग, दालने आणि बहुतेक हॉटेलांत तलावही खोली मिळण्यापूर्वी वापरता येतो, आणि खोली सोडल्यानंतरही संध्याकाळपर्यंत थांबता येते. तशी मुभा आहे का, एवढे आधी विचारावे. म्हणून प्रवासाच्या मधल्या, धावपळीच्या दिवशी ही रात्र घेऊ नये. इतर रात्री साध्या ठिकाणी काढून शेवटची रात्र येथे ठेवावी आणि त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम आखू नये.

खोली सर्वांत खालच्या श्रेणीची घेतली तरी चालेल. मोठ्या हॉटेलातील लहान खोलीच्या पाहुण्यालाही तेच आवार, तीच न्याहारी आणि तोच आदर मिळतो. आरक्षण करताना आईचे वय सांगून लिफ्टजवळची खोली आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा व न घसरणारी चटई मागून घ्या, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून त्याची नोंद झाल्याची खात्री करा.