जुने पोस्टर फळीवर चिकटवताना

प्रश्न : जपून ठेवलेले एक जुने पोस्टर डेकूपाज पद्धतीने (कागद चिकटवून त्यावर वार्निश देण्याची सजावट) प्लायवूडवर चिकटवून त्याला विंटेज रूप द्यायचे आहे. नमुना म्हणून दुसरा कागद चिकटवून पाहिला, तर त्यावर सुरकुत्या पडल्या. काय करावे?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. असा चिकटवलेला कागद पुन्हा सुखरूप निघत नाही, म्हणून पोस्टर दुर्मीळ असेल तर मूळ प्रत तशीच राहू द्यावी आणि तिची लेझर प्रिंटरवर काढलेली प्रत वापरावी. इंकजेट प्रिंटरची शाई ओलाव्याने बहुधा पसरते.

कागद ओला झाला की प्रसरण पावतो आणि ते प्रसरण फळीवर बसल्यानंतर झाले, तर सुरकुत्या पडतात. यासाठी प्रतीच्या पाठीवरून ओलसर स्पंज हलकेच फिरवून काही मिनिटे थांबावे, घासून गुळगुळीत केलेल्या फळीला पीव्हीए गोंदाचा (लाकूडकामाचा पांढरा गोंद) पातळ, सलग थर द्यावा आणि कागद मध्यापासून कडांकडे रबरी रोलरने दाबत न्यावा. राहिलेला फुगा टाचणीने टोचून दाबावा. त्यानंतर 24 तास हात लावू नये.

सुकल्यावर वार्निशचा एक हात द्यावा. मग 220 नंबरचा पॉलिशपेपर फक्त कडांवर, बाहेरच्या दिशेने फिरवावा आणि पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) रंग कापडाने लावून लगेच पुसावा; जिथे कागद उघडा पडला आहे तिथे तो अधिक मुरतो आणि जुनेपणा खरा वाटतो. शेवटी मॅट वार्निशचे दोन पातळ हात पुरेत. तडे पाडणारे वार्निश चित्रातील चेहऱ्यांवर मात्र लावू नये.