बेटा मासा आणण्याआधी टाकी लाव, भावा

बेटासाठी घेतलेलं ते काचेचं गोल भांडं आधी परत कर. दुकानात बेटा पेल्याएवढ्या डबीत दिसतो म्हणून तो तेवढ्यात जगतो असं नाही. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्यामुळे लगेच मरत नाही, एवढंच. निदान 15-20 लिटरची टाकी घे, वर झाकण हवंच. हा गडी उडी मारतो.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाकी आणि मासा एकाच दिवशी आणणं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर चिमूटभर खाद्य टाकून टाकी माशाशिवायच चालव. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब घालायचेच. आणि तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही! टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.

कोल्हापूरच्या उन्हाळ्यात हीटरशिवाय चालून जातं, पण जानेवारीच्या पहाटे पाणी गार पडतं. माझा पहिला बेटा तसाच गेला. पंख मिटून दोन दिवस तळाशी पडून होता आणि मी समजत होतो झोपलाय. 25-50 वॅटचा हीटर लाव, पाणी 25-27 अंशांवर ठेव.

बाकी थोडक्यात:
- एका टाकीत एकच नर.
- दोन वेळा दोन-तीन दाणे, बस्स.
- आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, सगळं नाही.

झाडं, खतं, दिवे नंतर बघू. टाकी भरलीस की फोटो टाक.